ब्रिटिश पार्लमेंटमध्ये खेड्यापाड्यातले प्रश्न कसे पोचतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यूकेमध्ये हॉस्पिटलच्या किंवा केअर होमच्या नोकरीमुळे थेट खेडेगावात राहायला आलेले मराठी लोक आता बरेच आहेत, आणि तिकडे भारतात बसून ब्रिटिश पार्लमेंटच्या क्लिप्स बघणारे मित्रही खूप आहेत. दोघंही मला फिरून फिरून तेच विचारतात, की लंडनपासून इतक्या लांबच्या गावातला माणूस, त्याची बंद पडलेली बस किंवा त्याची जमीन, हे सगळं हाउस ऑफ कॉमन्सच्या त्या हिरव्या बाकांपर्यंत जातं तरी कसं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मला या विषयाबद्दल मनापासून वाटतं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

ब्रिटनमध्ये ग्रामीण मतदारसंघ म्हणजे केवढा असतो?

एकूण 650 खासदार आहेत. त्यातले 543 इंग्लंडचे (हो, आपल्या लोकसभेइतकेच, योगायोग आहे), स्कॉटलंडचे 57, वेल्सचे 32 आणि नॉर्दर्न आयर्लंडचे 18. काही बेटांचा अपवाद सोडला तर 2024 च्या निवडणुकीपासून प्रत्येक मतदारसंघात साधारण 70 ते 77 हजार मतदार असतात. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सरासरी 17-18 लाख मतदार, म्हणजे फरक लक्षात घ्या. इथल्या खासदाराकडे आपल्या एखाद्या आमदारापेक्षाही कमी माणसं असतात.

पण माणसं कमी म्हणून जमीन कमी असं नाही. कायद्याने एका मतदारसंघाला 13,000 चौरस किलोमीटरची कमाल मर्यादा घातली आहे, आणि स्कॉटलंडच्या हायलँड्समधले मतदारसंघ आकाराने अवाढव्य आहेत. आपला अख्खा सातारा जिल्हा साधारण साडेदहा हजार चौरस किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा. अशा ठिकाणी खासदाराचा निम्मा वीकेंड गाडीतच जातो.

खासदार निधी किती मिळतो?

मिळतच नाही. हा प्रश्न भारतातून सगळ्यात जास्त येतो. आपल्याकडे खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपये मतदारसंघातल्या कामांसाठी सुचवता येतात, इथे तसं काही नाही. ऑफिस आणि स्टाफचा खर्च मिळतो, तोही वेगळ्या स्वतंत्र संस्थेमार्फत आणि पै-पैचा हिशोब जाहीर होतो, पण त्या पैशातून रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवा काही म्हणजे काही होत नाही. त्यामुळे इथल्या खासदाराच्या हातात खरं तर दोनच गोष्टी असतात, लेटरहेड आणि सभागृहात उभं राहायचा हक्क. या दोन गोष्टी चिकाटीने वापरल्या तर केवढं काम होतं हेच मला इथे सांगायचंय.

खासदाराला भेटायचं कुठे?

याला इथे सर्जरी म्हणतात, डॉक्टरचा काही संबंध नाही. शुक्रवारी किंवा शनिवारी खासदार गावच्या व्हिलेज हॉलमध्ये, लायब्ररीत, कधी चर्चच्या मागच्या खोलीत बसतात. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. बस बंद झाल्यावर माझ्या शेजारच्या आजींना घेऊन मी एकदा गेलो होतो. एक फोल्डिंग टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खासदार आणि शेजारी वही घेऊन बसलेली एक केसवर्कर, म्हणजे तक्रारींचा पाठपुरावा करणारी त्यांच्या ऑफिसातली कर्मचारी. आजींनी पर्समधून बसचं जुनं टाइमटेबल काढलं, त्यावर पेनाने खुणा केलेल्या, कुठल्या दिवशी दवाखान्यात जायचं आणि कुठल्या दिवशी बाजार. खासदाराने ते टाइमटेबलच मागून घेतलं आणि केसवर्करने तिथेच फोटो काढला. पुढे काउन्सिलला (इथली स्थानिक स्वराज्य संस्था) पत्र गेलं, बस कंपनीला पत्र गेलं, त्याची कॉपी आजींना घरी आली. पूर्ण बस काही परत आली नाही, पण आठवड्यातले दोन दिवस सकाळ-दुपारची फेरी सुरू झाली आणि आजींचं काम होतंय.

आता भेटीसाठी बहुतेक ठिकाणी आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि पत्ता आदल्या दिवशी कळवतात. त्याला कारण आहे. जून 2016 मध्ये जो कॉक्स या खासदार आपल्या सर्जरीला जाताना मारल्या गेल्या आणि ऑक्टोबर 2021 मध्ये डेव्हिड एमेस यांचा सर्जरीतच खून झाला. एवढं होऊनही खासदारांनी लोकांना भेटणं बंद केलं नाही, याबद्दल मला खूप आदर वाटतो.

सभागृहात प्रश्न मांडायचे मार्ग कोणते?

आपल्यासारखा शून्य प्रहर इथे नाही, पण मार्ग भरपूर आहेत आणि अनुभवी ग्रामीण खासदार ते सगळे वापरतात.

सगळ्यात साधा म्हणजे लेखी प्रश्न. मंत्र्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं आणि ते सगळ्यांना वाचायला उपलब्ध असतं. "अमुक जिल्ह्यात एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) किती डेंटिस्ट आहेत" असा कोरडा प्रश्न विचारायचा, आकडा हातात आला की तोच आकडा घेऊन पुढच्या भाषणात मंत्र्याला गाठायचं. टीव्हीवर हे दिसत नाही पण पाया इथेच घातला जातो.

मग तोंडी प्रश्न. प्रत्येक खात्याची पाळी साधारण पाच आठवड्यांनी येते, शेती आणि पर्यावरण खात्याची आली की ग्रामीण खासदारांची गर्दी असते. गुरुवारी सभागृहाच्या पुढच्या कामकाजावर प्रश्न विचारता येतात, आणि तिथे खरी मजा असते, कारण "या विषयावर चर्चेला वेळ द्याल का" असं विचारायच्या निमित्ताने लोक आपल्या गावातलं पोस्ट ऑफिस, बँकेची शेवटची शाखा, पुराने खचलेला पूल असं काहीही मांडतात. आपल्या शून्य प्रहराच्या सगळ्यात जवळचं हेच.

रोज कामकाज संपताना अर्ध्या तासाची एक छोटी चर्चा असते. सभागृह जवळजवळ रिकामं, एक खासदार, एक मंत्री, दोन-चार इतर लोक. रात्री उशिरा एखादा खासदार एका गावच्या एका ओढ्याबद्दल बोलतोय आणि मंत्र्याला तिथे बसून शेवटी उत्तर द्यावं लागतंय, हे मी कितीदा लाइव्ह बघितलंय. रिकामी बाकं बघून लोक नाराज होतात, पण मंत्र्याच्या खात्याला त्या अर्ध्या तासासाठी त्या ओढ्याची फाइल उघडून वाचायला लागलेली असते, आणि आधी कित्येक वर्षं ती कोणीच उघडलेली नसते.

वेस्टमिन्स्टर हॉलच्या चर्चाही आहेत, 1999 पासून सुरू झालेल्या. त्या जुन्या हॉलला लागून असलेल्या खोलीत, घोड्याच्या नालेच्या आकारात खुर्च्या, मतदान होत नाही, आवाज चढत नाहीत. तीस, साठ किंवा नव्वद मिनिटं. ग्रामीण प्रश्नांसाठी मला ही जागा सगळ्यात चांगली वाटते, कारण इथे वेगवेगळ्या पक्षांचे खासदार एकमेकांना दुजोरा देताना दिसतात, कॉर्नवॉलचा माणूस म्हणतो आमच्याकडेही हेच आहे, वेल्सचा म्हणतो आमच्याकडे तर त्याहून वाईट.

याशिवाय पिटिशन आहेत. ऑनलाइन पिटिशनला 10,000 सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं आणि एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. पण गावाची लोकसंख्या चारशे असेल तर लाख सह्या कुठून आणणार? त्यासाठी जुनी पद्धत अजून चालू आहे. कागदावर सह्या घेऊन खासदार ते निवेदन सभागृहात सादर करतो, आणि स्पीकरच्या खुर्चीमागे एक पिशवी अडकवलेली असते तिच्यात ते टाकतो. पिशवी अक्षरशः आहे.

बुधवारी पंतप्रधानांना प्रश्न विचारायला कुणालाही मिळतं का?

दुपारी बाराला अर्धा-पाऊण तास. आधी नावांचा ड्रॉ होतो आणि 15 नावं कागदावर छापली जातात. त्यात नाव नसेल तर प्रत्येक उत्तरानंतर जागेवर उभं राहायचं, परत बसायचं, परत उभं राहायचं, स्पीकरची नजर पडेपर्यंत. संधी मिळाली तर जेमतेम अर्धा मिनिट. त्यात प्रश्न सुटत नाही, पण पंतप्रधान म्हणाले "मंत्र्यांशी भेट घालून देतो" तर ते रेकॉर्डवर येतं आणि मग खासदार त्या एका वाक्याच्या जोरावर खात्याच्या मागे लागतो.

एक गोष्ट मला फार आवडते. स्पीकर सोडला तर सभागृहात कोणीही कोणाचं नाव घेत नाही, मतदारसंघाच्या नावाने हाक मारतात. स्वतःचं नाव मागे राहतं आणि गावांचं नाव पुढे. आणि जे बोललं जातं ते जवळजवळ शब्दशः हॅन्सार्डमध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या अधिकृत नोंदीत, छापलं जातं, काही तासांत ऑनलाइन येतं आणि कायमचं राहतं.

एका माणसाच्या तक्रारीने खरंच काही मोठं झालंय का? एक तरी उदाहरण सांगा.

याचं उत्तर लांब आहे, पण हे वाचाच.

हॅम्पशायरमध्ये साउथ वॉर्नबरो नावाचं छोटं गाव आहे. तिथे जो हॅमिल्टन या बाई दुकान आणि त्यातच पोस्ट ऑफिस चालवायच्या. इथे गावातलं पोस्ट बहुतेक वेळा असंच असतं, एका कोपऱ्यात काउंटर, बाजूला ब्रेड-दूध. पोस्ट ऑफिसने होरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टिम आणली होती. एके दिवशी हिशोबात दोन हजार पाउंड कमी दिसले. त्यांनी हेल्पलाइनला फोन केला, समोरच्याने सांगितलं तसं बटण दाबत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. कॉन्ट्रॅक्टप्रमाणे तूट पोस्टमास्तरने भरायची. होता होता आकडा 36,000 पाउंडांवर गेला. चोरीचा आरोप मागे घेतील म्हणून त्यांनी 2007 मध्ये खोट्या हिशोबाचा गुन्हा कबूल केला, जो त्यांनी केलेलाच नव्हता. गावकऱ्यांचा मात्र एका मिनिटासाठीही विश्वास बसला नाही. लोकांनी पैसे गोळा केले, कोर्टात गर्दी करून बसले. पुढे बाई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायला लागल्या.

त्यांचे खासदार होते जेम्स आर्बथनॉट, हुजूर पक्षाचे, नॉर्थ ईस्ट हॅम्पशायरचे. त्यांच्या लक्षात आलं की एकाच ग्रामीण मतदारसंघात दोन पोस्टमास्तर अगदी सारखीच गोष्ट सांगतायत. त्यांनी 2009 मध्ये सरकारला लिहिलं. उत्तर काय आलं, तर हा पोस्ट ऑफिसचा अंतर्गत कारभार आहे, आम्ही लक्ष घालू शकत नाही. बहुतेक लोक इथे थांबतात. हे थांबले नाहीत. इतर खासदारांना विचारत गेले की तुमच्याकडे असं कोणी आलंय का, आणि एकेक करत पक्ष न बघता शंभराहून जास्त खासदारांकडे अशा तक्रारी निघाल्या. विरोधी बाकांवरचे लेबरचे केव्हन जोन्सही आपल्या मतदारासाठी असेच भांडत होते. त्या दबावाने 2012 मध्ये सेकंड साइट नावाच्या स्वतंत्र हिशोब तपासनीसांची नेमणूक झाली आणि 2013 मध्ये त्यांचा अंतरिम अहवाल आला. मग तडजोडीची एक योजना आली, ती पोस्ट ऑफिसने गुंडाळत आणली, तेव्हा 17 डिसेंबर 2014 ला आर्बथनॉट यांनी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा लावली आणि पोस्ट ऑफिसवर आपला विश्वास उरला नाही हे स्पष्ट सांगून टाकलं.

त्यानंतरची लढाई कोर्टात झाली. वेल्समध्ये पोस्ट गमावलेले ॲलन बेट्स आणि त्यांच्यासोबतचे 550 च्या वर लोक केस लढले, 2019 च्या डिसेंबरमध्ये जजने निकाल दिला की सिस्टिममध्ये दोष होते. 23 एप्रिल 2021 ला जो हॅमिल्टन यांच्यासह 39 जणांची शिक्षा रद्द झाली. 1999 ते 2015 मध्ये 900 हून जास्त पोस्टमास्तरांवर गुन्हे सिद्ध झाले होते. त्यात भारतीय वंशाचे लोक खूप, कारण गुजराती, पंजाबी आणि इतर भारतीय कुटुंबांनी अशी कितीतरी दुकानं घेतली होती. सीमा मिश्रा यांना तर 2010 मध्ये गरोदर असताना, मोठ्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी तुरुंगात टाकलं. जानेवारी 2024 मध्ये टीव्हीवर या विषयावर मालिका आली, देश पेटून उठला आणि मे 2024 मध्ये पार्लमेंटने कायदाच करून त्या काळातल्या अशा शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. कायद्याने शिक्षा रद्द करणं ही इथे फार असाधारण गोष्ट आहे.

मालिकेमुळे झालं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. 2009 ते 2014 मध्ये पत्रं, प्रश्न आणि चर्चांचा जो कागदी पुरावा साचला तो नसता तर मालिका कशावर केली असती?

सेकंड होमचा प्रश्न एवढा का गाजतो?

कारण त्यात गावच संपतं. लेक डिस्ट्रिक्ट हा वायव्य इंग्लंडमधला अतिशय सुंदर भाग आहे, 2017 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे बाहेरचे श्रीमंत लोक तिथे सुट्टीसाठी घरं घेतात किंवा घरं टुरिस्टना भाड्याने देतात. काही गावांत निम्म्याहून जास्त घरांत वर्षभर राहणारं कोणी नाही. मग शाळेला मुलं नाहीत, बसला प्रवासी नाहीत, आणि हॉटेलात काम करणाऱ्या पोराला राहायला खोली नाही. कोकणात किंवा गोव्यात बंगले आणि कुलपं बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तिथले खासदार टिम फॅरन, लिबरल डेमोक्रॅट. 2005 मध्ये फक्त 267 मतांनी पहिल्यांदा निवडून आले, मधे पक्षाचे नेतेही झाले, पण त्यांची ओळख म्हणजे हा विषय. त्यांची मागणी साधी आहे, की घराचा वापर राहण्यासाठी, सेकंड होम म्हणून, की टुरिस्टसाठी, हे नियोजन कायद्यात वेगवेगळे प्रकार करा, म्हणजे वापर बदलायला काउन्सिलची परवानगी लागेल. वेल्सने ऑक्टोबर 2022 मध्ये हे केलं. इंग्लंडमध्ये अजून तेवढं झालं नाही. पण 2023 च्या कायद्याने काउन्सिलना सेकंड होमवर दुप्पट काउन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) लावायची मुभा मिळाली आणि एप्रिल 2025 पासून तो लागू करता येतोय. इतक्या वर्षांच्या मागणीनंतर मिळालेलं हे अर्धंमुर्धं यश आहे, आणि फॅरन अजून बाकीचं मागतायतच.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे रेडिओथेरपी. त्यांच्या मतदारसंघातल्या केंडलच्या परिसरातल्या कॅन्सर पेशंटना उपचारासाठी प्रेस्टनला जावं लागतं, उपचार काही मिनिटांचा आणि आत खोल खेड्यातून आलेल्यांचा प्रवास जाऊन-येऊन दोन-तीन तासांचा, तोही आठवड्यातून बहुतेक रोज. केंडलच्या हॉस्पिटलमध्ये रेडिओथेरपी युनिट हवं म्हणून त्यांची मागणी कित्येक वर्षांची आहे. युनिट अजून झालं नाही.

एकच विषय परत परत का काढतात? कंटाळा नाही येत?

ऐकणाऱ्याला येत असेल. पण मंत्री बदलत राहतात, इथे तर मधे मधे वर्षात दोनदा बदललेत. नवा मंत्री आला की त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि जुन्या मंत्र्याने दिलेलं आश्वासन हॅन्सार्डमधून वाचून दाखवावं लागतं. शिवाय दर वेळी उत्तरात एखादा शब्द बदलतो. "विचार नाही" चं "विचार करू" होतं, मग "सल्लामसलत सुरू करू" होतं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सारखं वाटतं पण ज्याच्या गावाचा प्रश्न असतो त्याला तो बदललेला शब्द बरोबर दिसतो.

शेतकऱ्यांच्या वारसा टॅक्सचं नक्की काय झालं?

30 ऑक्टोबर 2024 च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं की शेतजमिनीला वारसा टॅक्समधून असलेली पूर्ण सूट एप्रिल 2026 पासून 10 लाख पाउंडांपर्यंतच राहील, त्यावरच्या रकमेवर प्रत्यक्षात 20 टक्के टॅक्स. ऐकायला 10 लाख पाउंड म्हणजे खूप वाटतात, पण इंग्लंडमध्ये जमिनीचा भाव एकरी दहा हजार पाउंडांच्या आसपास आहे, तेव्हा दोनशे एकरवाल्याची नुसती जमीनच 20 लाखांची झाली. आणि वर्षाचं उत्पन्न? कित्येकांचं एखाद्या नोकरदाराएवढंही नाही. कागदावर करोडपती आणि बँकेत खडखडाट, ही अवस्था आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. सरकारचं म्हणणं होतं की श्रीमंत लोक टॅक्स वाचवायला जमिनी घेतात, त्यांना आळा घालायचाय आणि बहुतेक शेतांना याचा फटका बसणार नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो.

19 नोव्हेंबर 2024 ला हजारो शेतकरी लंडनमध्ये व्हाइटहॉलला जमले. पण मला जास्त लक्षात राहिलं ते सत्ताधारी पक्षाच्याच ग्रामीण खासदारांचं. 2024 मध्ये लेबरने बऱ्याच खेडवळ जागा जिंकल्या होत्या, आणि आता त्यांच्याच सर्जरीत शेतकरी येऊन रडत होते. सगळ्या पक्षांच्या खासदारांची शेती विषयावरची समिती, जिचे अध्यक्ष ऑर्कनी आणि शेटलंडचे ॲलिस्टर कारमायकल आहेत, तिनेही 2025 मध्ये बदल पुढे ढकला असं सुचवलं. डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला मतदान झालं तेव्हा लेबरचे बरेच ग्रामीण खासदार मत न देता बसून राहिले, आणि पेनरिथ अँड सॉलवेचे मार्कस कॅम्पबेल-सेव्हर्स यांनी उघड विरोधात मत दिलं. निवडणुकीच्या वेळी आपण शेतकऱ्यांना शब्द दिला होता असं त्यांचं म्हणणं. पक्षाने त्यांना लगेच संसदीय गटातून निलंबित केलं. त्याच महिन्यात, ख्रिसमसच्या तोंडावर, सरकारने मर्यादा 10 लाखांवरून 25 लाख पाउंडांवर नेली.

एकट्या एका मताने हे झालं असं मी म्हणणार नाही, ट्रॅक्टर होते, शेतकरी संघटना होत्या, लॉर्ड्स (वरचं सभागृह) होते. पण पहिल्यांदाच निवडून आलेल्या माणसाने पुढच्या करिअरचा विचार बाजूला ठेवून शब्द पाळला, हे लिहून ठेवायला हवं.

मग पक्षाचा व्हिप असताना खासदार गावाच्या बाजूने बोलूच शकत नाही का?

बोलू शकतो. व्हिप मुख्यतः मतदानाला असतो. भाषणात, प्रश्नात, छोट्या चर्चेत स्वतःच्या सरकारला टोचणारे खासदार रोज दिसतात. आपल्याकडे पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, इथे सदस्यत्व जात नाही, पक्ष फार तर बाहेर काढतो आणि माणूस अपक्ष म्हणून बसतो. माझ्या मते हा फरक खूप मोठा आहे.

स्कॉटलंडचा खासदार लंडनमध्ये हॉस्पिटलबद्दल बोलला तर उपयोग होतो का?

इथे गोंधळ होतो खरा. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आरोग्य, शिक्षण, शेती हे विषय तिथल्या स्वतंत्र पार्लमेंटकडे आहेत. लंडनकडे मोठे टॅक्स, इमिग्रेशन, पोस्ट, टेलिकॉम, संरक्षण.

जेमी स्टोन हे अगदी उत्तर टोकाच्या केथनेस, सदरलँड आणि ईस्टर रॉसचे खासदार. विकच्या हॉस्पिटलमधली प्रसूती सेवा 2016 च्या शेवटी कमी केली, डॉक्टरांऐवजी फक्त सुईणी राहिल्या, त्यामुळे बहुसंख्य बायकांना बाळंतपणासाठी इन्व्हरनेसला जावं लागतं, एका बाजूचं अंतर शंभर मैलांहून जास्त, म्हणजे 160 किलोमीटरच्या वर. रस्ता एकच, मुख्यतः ए-9, समुद्राच्या कडेने, बेरिडेलचा चढ, हिवाळ्यात बर्फ. कळा सुरू झालेली बाई त्या रस्त्यावर आहे असा विचार करून बघा. स्टोन 2017 मध्ये निवडून आल्यापासून हा विषय लंडनमध्ये काढतायत आणि उत्तर ठरलेलं, हे एडिनबराच्या, म्हणजे स्कॉटिश पार्लमेंटच्या अखत्यारीत येतं. नियमाने ते उत्तर बरोबरच आहे. तरी त्यांनी बोलावं असं मला वाटतं, कारण त्या बायकांनी मत त्यांनाही दिलंय आणि एवढ्या लांबची गोष्ट देशभर ऐकू जायला तीच एक जागा आहे.

तुम्ही स्कॉटलंडमध्ये असाल तर हॉस्पिटलसाठी स्कॉटिश पार्लमेंटच्या सदस्याला गाठा, व्हिसासाठी लंडनच्या पार्लमेंटमधल्या तुमच्या खासदाराला. वेळ वाचेल.

आम्ही भारतीय पासपोर्टवर आहोत. खासदाराकडे जाता येतं का?

येतं, बिनधास्त जा. मतदारसंघात राहताय एवढंच पुरे, मत दिलंय का, कोणाला दिलंय, नागरिक आहात का, काहीही विचारत नाहीत. आणि बऱ्याच जणांना माहीतच नसतं की कॉमनवेल्थ देशाचा नागरिक म्हणून, वैध व्हिसावर इथे राहणारा भारतीय माणूस पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदानही करू शकतो. स्टुडंट व्हिसावालेसुद्धा. फक्त मतदार यादीत नाव घालावं लागतं, आणि ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. खेड्यातल्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या आपल्या नर्सेस आणि डॉक्टरांनी हे आधी करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

व्हिसाचं उत्तर महिनोन्महिने अडकलं असेल तर खासदाराचं ऑफिस होम ऑफिसकडे (इथलं गृहखातं) चौकशी करू शकतं. निर्णय बदलून देत नाहीत, पण फाइल कुठे आहे ते कळतं.

दुसऱ्या मतदारसंघाचा खासदार जास्त चांगला वाटतो, त्याला लिहिलं तर?

तो नम्रपणे तुमचं पत्र तुमच्या खासदाराकडे पाठवून देईल. दुसऱ्याच्या मतदारांचं काम घ्यायचं नाही हा तिथला पक्का संकेत आहे. मंत्री किंवा स्पीकर तुमचे खासदार असतील तरी त्यांनाच लिहायचं, ते सभागृहात प्रश्न विचारत नसले तरी पत्रव्यवहार आणि सर्जरी करतातच.

पत्रात काय लिहू?

एक पान पुरे. काय झालं, कधीपासून, आत्तापर्यंत कोणाकोणाला लिहिलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. "गावात सोयी नाहीत" असं लिहिलं तर कोणी काही करू शकत नाही, "बुधवारची सकाळची बस बंद झाल्यामुळे आईला डायलिसिसला जायला टॅक्सीचे इतके पाउंड लागतात" असं लिहिलं तर ते वाक्य जसंच्या तसं सभागृहात वाचलं जाऊ शकतं, आणि खूपदा वाचलं जातंही. नाव जाहीर करायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, मोठे शब्द शोधू नका, आणि कोणीतरी फॉरवर्ड केलेला तयार मजकूर चिकटवू नका, तशा ईमेलला तयार उत्तरच येतं. पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड टाकायला विसरू नका, कारण तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता हे कळल्याशिवाय ऑफिस केस हातात घेत नाही. दोन-तीन आठवड्यांत काही आलं नाही तर फोन करा, केसवर्करचं नाव लिहून घ्या आणि पुढे त्यांच्याशीच बोला.